दुसऱ्याच्या बटणावर

भाद्रपदात पावसानं ओढ दिली होती, तेव्हाची ही गोष्ट.

मंचरच्या वरच्या अंगाला, घोडनदीच्या काठानं ठोंबरे वस्ती आहे. एके काळी मेंढरं घेऊन कोकणात उतरणारी ही माणसं आता ऊस आणि टोमॅटो करतात, तरी दहा-वीस मेंढरं अजून प्रत्येकाच्या दारात असतात. त्या सकाळी म्हस्कू ठोंबरे नदीवरच्या मोटरीपाशी गेला होता. पंपाच्या दांड्याजवळून पाणी गळत होतं आणि गळती थोपवायला दांड्याभोवती ठासलेली दोरी बदलायची होती. निघताना त्यानं सुनेला, पुष्पाला, बजावलं, "म्या फोन करेपत्तूर रिमोटला हात लावू नको." पुष्पा बरं म्हणाली.

म्हस्कू वाकून जुनी दोरी उकरून काढत होता, तोच मोटर सुरू झाली. शर्टाची बाही फिरत्या दांड्यात गुंडाळली गेली आणि तिच्या मागोमाग हात ओढला गेला. बांधावर गवत कापणाऱ्या बायांनी आरडाओरडा ऐकून धाव घेतली आणि मेन स्विच पाडला. मंचरच्या दवाखान्यात नेईपर्यंत उजव्या हाताची तीन बोटं गेल्यातच जमा होती. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली.

मोटर लावायला नदीवर जावं लागू नये म्हणून दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांनी रेडिओची पेटी बसवून घेतली होती. उसातून वाट होती, उसात बिबट्या असायचा. घरातल्या रिमोटचं बटण दाबलं की अर्ध्या कोसावरची मोटर चालू, पुन्हा दाबलं की बंद. मग ती मोटर चालू कुणी केली? रिमोट घरात होता आणि घरात पुष्पा एकटीच होती. सासू तुकाबाई मेंढरांमागं गेली होती, नवरा संपत चाकणला कंपनीत होता. आता यात कुणाला विचारायचं काय राहिलं होतं?

पुष्पा शपथ घेऊन सांगत राहिली की तिनं बटण दाबलं नाही. भिंत झाडायची म्हणून खिळ्यावरचा रिमोट काढून फळीवर ठेवला होता, एवढंच. "काडला व्हतास ना हातात?" तुकाबाई म्हणाली, "मग झालं तर." संपत आला, बापाचा पट्ट्यांनी बांधलेला हात बघितला आणि बायकोशी एक शब्द न बोलता परत गेला.

ही बातमी आळेफाट्याला आरती डुंबरेच्या कानावर दुसऱ्या दिवशी आली. पेटी तिनं बनवलेली होती.

महामार्गाला लागून, गॅरेजांच्या रांगेत, तिचा आणि तिच्या भावाचा, आदेशचा, पत्र्याचा छोटा कारखाना होता. पेट्या आरती बनवायची, विकायचं आणि बसवायचं काम आदेशकडे. आदेशनंच तिला सांगितलं. आरतीनं घाईनं विचारलं, "आपल्या पेटीचं काही..."

"नाय गं. सुनेच्या हातनं दाबलं गेलं बटण. सगळे तेच म्हणतात."

आरतीनं सुटकेचा श्वास सोडला. तो श्वास तिला पुढं कितीतरी दिवस आठवत राहिला. एका माणसाचा हात गेला होता, एका बाईवर आळ आला होता, आणि ते ऐकून तिला बरं वाटलं होतं.

आरती शिकली पुण्यात. तिथंच एका वायरलेस यंत्रांच्या कंपनीत सहा-सात वर्षं तिनं रिसीव्हरचं काम केलं. आई अंथरुणाला खिळली तशी ती गावाकडं आली आणि परत गेली नाही. जे येत होतं त्यातूनच तिनं ही पेटी उभी केली. काम वरून साधं दिसायचं. रिमोट दाबला की तो लगेच मोटर चालू कर असं सांगत नाही. आधी तो एक ठरलेली धून पाठवतो. ती धून पेटीला तोंडपाठ असते. हवेत नाना तऱ्हेचा गलका चाललेला असतो, मोबाईल असतात, विजेच्या तारांची कुरकुर असते, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे रिमोट असतात. त्या गलक्यातून पेटी आपली धून हुडकते. ती सापडली की निरोप नेमका कुठून सुरू होतो ते तिला कळतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वाट कशी आहे तेही कळतं. मूळ धून तिला माहीत असते आणि आलेली धून समोर असते, दोन्हींत जो फरक पडला ती वाटेत झालेली मोडतोड. ओल्या उसानं किती गिळलं, पॉलिहाउसच्या पत्र्यावर आपटून काय उशिरा पोचलं, नदीच्या पाण्यावरून काय उसळून आलं, याचा अंदाज पेटी त्या फरकावरून बांधते. मग धुनेमागून येणारा पेटीचा नंबर आणि हुकूम ती त्या अंदाजानं सरळ करून वाचते.

उन्हाळ्यात सगळं झकास चालायचं. आषाढ लागला, ऊस डोक्याच्या वर गेला, पानं भिजली आणि तक्रारी सुरू झाल्या. दहादा दाबलं तरी मोटर लागत नाही, म्हणून लोक पेट्या उचकटून आणून टेबलावर ठेवायला लागले. आदेश चिडायचा. "ताई, नारायणगावच्या बाजारात माझी मान खाली जातीय. काहीतरी कर."

करायचं काय ते आरतीला ठाऊक होतं. धून लांब करायची, वाटेचा अंदाज पुन्हा पुन्हा घ्यायचा, आणि मोटर लावण्याआधी पेटीनं उलट विचारून खात्री करायची. त्याला नवा रिमोट लागला असता, दोन-तीन महिने गेले असते. दुसरा रस्ता एका दुपारचा होता. धून किती जुळली म्हणजे आपली समजायची, ती अट तिनं सैल केली. नंबर म्हणजे खुणांची एक ओळ; त्यातली एखादी खूण चुकली तर पेटी आधी निरोप टाकून द्यायची, आता ती चूक पदरात घेऊन नंबर आपलाच आहे असं मानायला लागली. पुण्याच्या कंपनीतले तिचे साहेब अशा वेळी दोन प्रश्न विचारायचे. खरी हाक सुटली तर काय होईल? आणि खोटी हाक घेतली तर काय होईल? आरतीनं त्या दुपारी पहिलाच प्रश्न स्वतःला विचारला. दुसरा तिला आठवला नव्हता असं नाही. नंतर नीट करू, असं तिनं मनाशी म्हटलं होतं.

महिन्याभरात सगळ्याच पेट्या टेबलावरून अशा सैल होऊन गेल्या आणि तक्रारी थांबल्या. आदेश खूश झाला. लोक म्हणाले, आता पेटी हाकेला ओ देती.

म्हस्कूच्या अपघाताला महिना उलटून दिवाळी तोंडावर आली होती. म्हस्कूच्या घरच्यांनी ती पेटी काढून कारखान्यात आणून टाकली होती, तपासा म्हणून नाही, घरात नको म्हणून. आरतीनं ती वीजपुरवठा जोडून मांडणीवर चालू ठेवली होती. त्या दिवशी म्हस्कूचा शेजारी सोमनाथ रिमोट घेऊन आला. त्याचं बटण आत बसलं होतं. दोघांनी पेट्या एकाच दिवशी जोडीनं नेल्या होत्या.

"ह्याचं बटन लई दाबून दाबून गेलं बगा," सोमनाथ हसत म्हणाला. "आमची मोटर कदी पयल्या झटक्याला लागलीच न्हाई. म्हस्कूदादाचं झालं ना, त्या सकाळी तर म्या उसातनं हिंडत हिंडत दाबत व्हतो, तवा कुठं लागली. अन् तेवढ्यात तिकडं आरडावरडा."

आरतीनं बटण बदललं आणि सवयीनं दाबून बघितलं. काही झालं नाही. ती रिमोट घेऊन दारापर्यंत गेली, पत्र्याच्या आडोशाला उभी राहून पुन्हा दाबलं. पुन्हा. मागं मांडणीवर ‘खट्’ असा आवाज झाला.

म्हस्कूच्या पेटीतली मोटर चालू करणारी कळ, रिले, ओढली गेली होती. पेटीवरचा हिरवा दिवा लागला होता.

सोमनाथला त्यातलं काही कळलं नाही. तो चहावाल्या पोऱ्याला हाक मारत होता. आरती हातात रिमोट घेऊन उभी राहिली. एकाच दिवशी बनवलेल्या पेट्यांना तिनं ओळीनं नंबर दिले होते. सोमनाथचा आणि म्हस्कूचा नंबर पाठोपाठचा, दोन्हींत दोनच खुणांचा फरक. वाटेचा अंदाज चुकला, त्यातली एक खूण उलटी वाचली गेली, उरलेल्या एकीचा फरक पेटीनं पदरात घेतला, आणि सोमनाथची हाक आपली समजून घेतली. म्हणजे घेऊ द्यावी असं तिनंच पेटीला शिकवलं होतं.

"झालं का, म्याडम?" सोमनाथनं विचारलं.

"झालं," ती म्हणाली. "पण हा ठेवून जा. उद्या देते." स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

सोमनाथ गेल्यावर तिनं ते पुन्हा पुन्हा करून बघितलं. दर वेळी नाही, पण मधूनच रिले ओढली जायची. संध्याकाळी आदेश आला तेव्हा तिनं त्याला समोर उभं करून दाखवलं.

"किती पेट्या आहेत अशा?" त्यानं विचारलं.

"सगळ्याच."

"मग आधी त्या नीट करू. ते आधी."

ते त्याचं बरोबर होतं. त्याबद्दल दोघांत वाद नव्हता. वाद पुढच्या बोलण्यावरून झाला. आरती म्हणाली, "आणि ठोंबऱ्यांकडं जाऊन सांगायला पाहिजे."

"काय सांगणार? तुमचा हात आमच्यामुळं गेला? ताई, मेन स्विच काढायला नको व्हता का त्यानं? पेटीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय आपण. तू सांगितलंस की उद्या तालुकाभर होईल. कारखान्यात पाच पोरी कामाला आहेत, त्यांचं काय? आन् सांगून त्याची बोटं परत येणारेत का?"

"पुष्पाचं काय?"

आदेशनं तोंड फिरवलं. "घरातली भांडणं असतात. मिटतात."

आरती त्यावर गप्प बसली. तिला मागाहून वाटायचं, आदेशनं आपल्याला अडवलं असं म्हणायची सोय होती म्हणून आपण गप्प बसलो. खरं तर त्यानं अडवावं याचीच ती वाट बघत होती.

दिवाळीनिमित्त मोफत सर्व्हिसिंग, असं आदेशनं सगळीकडं कळवलं. दोघं बहीणभाऊ गाडी घेऊन निघाले. जुन्नरकडची गावं झाली, मग आंबेगावची. आरती पेटी उघडायची, अट पूर्वीसारखी कडक करायची, नंबर बदलायची, झाकण लावायची. "पावसाळ्यात जरा जास्त वेळा दाबावं लागेल," एवढं सांगायची. लोकांना कौतुक. विकून झाल्यावर दारात परत येणारा कंपनीवाला त्यांनी बघितला नव्हता. कुणी गाडीत टोमॅटोचं क्रेट ठेवलं, कुणी घेवड्याच्या शेंगा दिल्या. एका म्हातारीनं तर तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. आरतीला तो स्पर्श घरी येईपर्यंत गालावर जाणवत होता आणि तो पुसून टाकावासा वाटत होता.

ठोंबरे वस्तीवर ती गेली नाही. सोमनाथची पेटी आदेशनं एकट्यानं जाऊन बदलली. "म्हस्कूदादा दिसले का?" तिनं विचारलं.

"ओट्यावर बसले व्हते."

"आणि पुष्पा?"

"मी काय घरात डोकावलो नाय," आदेश म्हणाला.

पेट्या सुरक्षित झाल्या तसं आपलं मनही जागेवर येईल, असं तिला वाटलं होतं. उलट आता तिच्याकडं कामाचा आडोसाही उरला नाही. दिवसभर ती नव्या पेटीचं डिझाइन करत बसायची. लांब धून, वाटेचा अंदाज दर थोड्या वेळानं नव्यानं, खात्रीचा उलटा निरोप. जे दोन-तीन महिन्यांचं म्हणून तिनं आषाढात टाळलं होतं, ते आता तिच्या हातून झरझर होत होतं. तेवढं पाहूनच तिला स्वतःची चीड यायची.

संक्रांत होऊन गेल्यावर एका दुपारी पुष्पा कारखान्याच्या दारात उभी राहिली.

आरतीनं तिला एकदाच पाहिलं होतं, पेटी बसवायला आदेशबरोबर गेली होती तेव्हा. तेव्हाची गोल चेहऱ्याची, पटपट बोलणारी पोरगी आता निम्मी झाली होती. तिनं पिशवीतून रिमोट काढला आणि टेबलावर असा ठेवला, जणू तो गरम होता.

"ताई, ह्याला कुलपाचा डबा मिळंल का?"

"कुलपाचा?"

"म्हंजी किल्ली लावल्याबिगर बटन दाबता येऊ नाय आसा. मामंजींला उसातनं चालत जाणं व्हत न्हाई आता. एका हातानं तोल जातो. पेटी परत बसवा म्हणत्यात. पर आत्याबाई म्हनल्या, हिच्या हातात रिमोट न्हाई देयाचा. म्हनलं कुलूपच आसलं तर बरं. किल्ली आत्याबाईंकडं ठेवीन."

आरतीनं रिमोट बाजूला सरकवला. "पुष्पा, तू तेव्हा म्हणाली होतीस ना, दाबलं नाही म्हणून?"

"म्हनले व्हते. पर दाबलं आसंल म्या. खिळ्यावरनं काडताना अंगठा लागला आसंल. आदी वाटायचं न्हाई लागला. आता रोज आठवून आठवून... आता तर मला दिसतंच, अंगठा लागताना. दुसरं कुणी व्हतंच न्हाई ना घरात."

टेबलापलीकडं सोल्डरिंग करणाऱ्या पोरींनी माना वर केल्या. आरती उठली. तिनं म्हस्कूची पेटी मांडणीवरून काढली, पण ती पुष्पाला दाखवायचं तिचं धाडस झालं नाही. "तुझा अंगठा लागला नव्हता," ती म्हणाली. "चल माझ्याबरोबर. घरी जाऊन सगळ्यांसमोर सांगते."

"काय सांगता?"

"चल."

नारायणगाव मागं पडलं, मंचर आलं. पुष्पानं एकदाच विचारलं, "पेटी बिगडली व्हती का?" आरती हो म्हणाली. बिघडवली होती, हा शब्द तिच्या ओठांवर आला आणि तिथंच राहिला.

ओट्यावर म्हस्कू बसला होता. हात उपरण्याखाली. तुकाबाईनं पावणी आली म्हणून पाण्याचा तांब्या आणला. आरतीनं पाणी घेतलं नाही. ती उभ्यानंच बोलली. आधी यंत्राचं सांगायला लागली, धून आणि नंबर आणि उसाची पानं, आणि तिच्या लक्षात आलं की आपण पुन्हा आडोसा शोधतोय. ती थांबली.

"दादा, त्या दिवशी सोमनाथनं त्याचं बटण दाबलं आणि तुमची मोटर लागली. पुष्पानं काही केलं नाही. पेटी दुसऱ्याचं बटण आपलं समजली, कारण मी तिला तसं करून ठेवलं होतं. लोकांच्या तक्रारी येत होत्या, म्हणून मी तिची अट सैल केली. असं होऊ शकतं हे मला कळत होतं. तरी केलं."

ओट्याखाली मेंढरं रवंथ करत होती. म्हस्कूनं विचारलं, "बाकीच्यांच्या पेट्या?"

"सगळ्या बदलल्या."

"मंग बरं." एवढंच तो म्हणाला आणि त्यानं उपरण्याखालचा हात दुसऱ्या हातानं दाबून धरला.

तुकाबाई तांब्या ठेवून खाली बसली. ती आरतीकडं बघत नव्हती, सुनेकडं बघत होती. पण पुष्पाचं लक्ष सासूकडं नव्हतं.

"तुमाला कवा कळलं?" पुष्पानं विचारलं.

हा प्रश्न येणार हे आरतीला गाडीत बसल्यापासून माहीत होतं.

"दिवाळीच्या आधी."

"दिवाळीच्या आदी," पुष्पा हळूच म्हणाली. "म्या दिवाळीला म्हायेरी गेले न्हाई. भाऊ न्यायला आल्ता, त्याला परत लावला. कोणत्या तोंडानं जाऊ म्हनलं." तिचा आवाज चढला नाही. "सर्व्हिसिंगला तुमचा भाऊ आल्ता शेजारी. म्या त्याला पानी दिलं."

माफी मागायची असं ठरवून आरती आली होती, पण तो शब्द त्या क्षणी इतका हलका वाटला की तिनं तो उच्चारला नाही. "दवाखान्याचं, पुढचं, जे लागेल ते आम्ही बघू," असं ती कसंबसं म्हणाली. म्हस्कूनं डावा हात हलवून ते बोलणं बाजूला सारलं.

पुष्पानं कमरेचा मोबाईल काढला, नंबर लावला आणि आरतीपुढं धरला. "ह्यांना सांगा. तुमच्या तोंडानं सांगा."

फोनवर संपत होता. मागं कंपनीतल्या यंत्रांची घरघर ऐकू येत होती. आरतीनं पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी थोडक्यात आणि न थांबता. मग संपत घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पुष्पाला द्या."

आरतीनं फोन पुढं केला. पुष्पानं तो घेतला नाही.

"कामात हाये म्हनावं," ती म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळानं पिशवी घेऊन बाहेर आली. "मला मंचरच्या स्टँडवर सोडा. म्हायेरी जाते."

"पुष्पा, अगं..." तुकाबाई उठू लागली.

"येईन आत्याबाई. आता जाऊ द्या."

स्टँडवर उतरताना तिनं आरतीचे आभार मानले नाहीत, तिच्यावर ओरडलीही नाही. समोर लागलेल्या एसटीत चढली आणि पलीकडच्या खिडकीला जाऊन बसली.

त्याच आठवड्यात आरतीनं स्वतःच्या आवाजात एक निरोप रेकॉर्ड केला आणि पेटी घेतलेल्या प्रत्येकाच्या फोनवर पाठवला. काय चुकलं, कुणामुळं चुकलं, कुणाचा हात गेला आणि कुणावर विनाकारण आळ आला, सगळं. आदेश दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तो गाडी काढून एकटाच ठोंबरे वस्तीवर जाऊन आला. काय बोलून आला ते त्यानं सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही.

काहींनी पेट्या परत आणून दिल्या. बहुतेकांनी काहीच केलं नाही. आमची तर नीट चालतीय, म्हणाले. ओतूरच्या एका बागायतदारानं भर बाजारात तिला थांबवून सांगितलं, "ताई, असं खरं बोलणारं माणूस आज मिळत न्हाई राव." आरतीला वाटलं, याच्यापेक्षा त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सगळ्यात वाईट वाटलं ते सोमनाथचं. निरोप ऐकून तो म्हस्कूकडं गेला, ओट्यावर बसून राहिला आणि ओक्साबोक्शी रडला. माझ्या बोटानं तुझी बोटं गेली, म्हणत होता. म्हस्कूनं त्याला समजावलं, पण सोमनाथनं आपली पेटी काढून टाकली आणि तेव्हापासून तो मोटर लावायला नदीवर चालत जातो. आदेशकडून हे ऐकलं त्या दिवशी आरती जेवली नाही. पुष्पाच्या डोक्यावरचं ओझं तिनं उतरवलं होतं खरं, पण त्यातलं थोडं भलत्याच माणसाच्या डोक्यावर जाऊन बसलं होतं. तिनं सोमनाथला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्यानं उचलला आणि दोन्ही वेळा म्हणाला, "तुमी नका वाईट वाटून घिऊ, म्याडम."

संपत सुट्टी काढून सासुरवाडीला गेला आणि पुष्पाला घेऊन आला, असं कळलं. लगेच आली नाही म्हणे ती. त्याला दोन फेऱ्या माराव्या लागल्या.

होळीच्या सुमाराला नवी पेटी तयार झाली. आरती ती घेऊन ठोंबरे वस्तीवर गेली. अंगणात लोकर कातरायचं काम चाललं होतं. पुष्पा गुडघ्याखाली मेंढी दाबून कातर चालवत होती आणि म्हस्कू शेजारी बसून सांगत होता, "कातडी ताणून धर. हां, आता घाल." पुष्पाला ते काम नवं होतं. मेंढीच्या अंगावर कमी-जास्त पट्टे उठले होते.

"पेटी आणलीय," आरती म्हणाली. "आता मोटर लागण्याआधी रिमोटवर उलटा निरोप येतो. दुसऱ्यांदा दाबल्याशिवाय..."

"न्हाई, नको," तुकाबाई दारातून म्हणाली. रागानं नाही, जेवायला नको म्हणावं तसं. "संपतनं गडी ठेवलाय. तो लावतो मोटर."

आरतीनं पेटी गाडीत परत ठेवली. निघावं की थांबावं ते तिला ठरवता येईना. तेवढ्यात मेंढीनं हिसका दिला आणि पुष्पाच्या हातातली कातर सटकली. म्हस्कूनं डावा हात पुढं केला, पण मेंढी आवरेना.

"तंगडी धरा की जरा," पुष्पा मान वर न करता म्हणाली.

आरती धुळीत गुडघे टेकून बसली आणि तिनं दोन्ही हातांनी मेंढीची मागची तंगडी धरली. मेंढी थरथरत होती. पुष्पानं कातर उचलली, पाती फडक्याला पुसली.

"अशी न्हाई," ती म्हणाली. "घट्ट धरा."

आरतीनं घट्ट धरली.